पुढच्या पाहुण्यासाठी

दिवाळीत फराळाचे बोलावणे येते. आपण नवे कपडे घालून जातो. यजमानीणबाई ताट पुढे ठेवतात. त्यातला रव्याचा लाडू हाताने फुटत नाही आणि दाताने फुटेल असा भरवसा वाटत नाही. तेवढ्यात प्रश्न येतो, "कसा झालाय?" आणि आपण लाडू गालात एका बाजूला सारून म्हणतो, "वा! छानच झालाय!"

या खोटेपणाबद्दल कुणी कुणाला दोष दिल्याचे मी ऐकलेले नाही. सत्याचा मोठा कैवारी असलेला माणूसही या प्रसंगी लाडू गिळतो आणि सत्यही गिळतो. आणि त्यात काही चुकते असे मला वाटत नाही. त्या घरी आपण लाडवासाठी गेलेलो नसतो, माणसांसाठी गेलेलो असतो. शिवाय लाडू वळून झालेले असतात. आता खरे बोलून ते मऊ होणार नसतात.

माझी पंचाईत होते ती हॉटेलात. तिथेही मला पाहुणाच म्हणतात, पण निघताना हातात बिल देतात. तैत्तिरीय उपनिषदात शिष्याला निरोप देताना गुरूने अतिथीला देव मानण्याचा उपदेश केला आहे. ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे परंपरेने सांगतात. आम्ही तर तिथी महिनाभर आधी कळवतो, आगाऊ पैसे भरतो आणि ओळखपत्राची प्रतही पाठवतो. मग आम्ही अतिथी कसे? आणि अतिथी नव्हे म्हणावे, तर गल्ल्यावरचा तो गृहस्थ हात जोडून आमचे स्वागत कशाला करतो? पाहुणा म्हणून गप्प बसावे की गिऱ्हाईक म्हणून बोलावे, हे मला पुष्कळ वर्षे उमगले नव्हते. आता थोडेसे उमगले आहे असे वाटते. पण ते ज्या रीतीने उमगले ती सांगताना मला अजूनही संकोच होतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर आम्ही दोघे महाबळेश्वरला गेलो होतो. हॉटेलचे नाव सांगण्याचे कारण नाही. तशी तिथे पुष्कळ आहेत. दरीच्या बाजूची खोली मागितली होती, त्याप्रमाणे जादा पैसेही भरले होते. मिळाली ती मागची खोली. खिडकीतून दरीऐवजी पाण्याची टाकी दिसे. "दोन तास थांबलात तर बदलून देतो," असे व्यवस्थापक म्हणाला. पण प्रवासाने शिणलो होतो, तेव्हा तीच घेतली. उशीच्या अभ्र्यावर आधीच्या कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग होता. चहा मागवला, तो आला पाऊण तासाने, आणि आला तो गार.

चहा घेऊन येणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याला धाप लागली होती. मी म्हणालो, "अरे, हा चहा आहे की सरबत?" तो म्हणाला, "दुसरा आणतो, काका." दुसरा आला, तोही गारच. मग मात्र माझा पारा चढला. मी तरातरा खाली गेलो आणि गल्ल्यापाशी चार माणसे उभी असताना खोली, अभ्रा, चहा अशी सगळी कैफियत चढ्या आवाजात मांडली. व्यवस्थापकाने शांतपणे ऐकून घेतले आणि त्या मुलाला हाक मारली. माझ्या देखत त्याला नको नको ते बोलला आणि शेवटी म्हणाला, "आजचा रोज कापला तुझा." मुलगा काही बोलला नाही. हातातला रिकामा ट्रे त्याने एकदा या हातातून त्या हातात घेतला, इतकेच.

खरे सांगायचे तर, त्या क्षणी मला बरे वाटले. आपल्या शब्दाला वजन आहे, असे वाटले. खोली वर चढून येईपर्यंत ते बरे वाटणे टिकले. मग सहज पायऱ्या मोजल्या. स्वयंपाकघर उताराच्या तळाशी आणि आमची खोली वरच्या टोकाला. मधे चौसष्ट पायऱ्या. नोव्हेंबरातली महाबळेश्वरची संध्याकाळ. त्या वाऱ्यात चौसष्ट पायऱ्या चढून कुणीही चहा आणला असता, तरी तो गारच आला असता. चूक मुलाच्या पायांची नव्हती. चूक होती ती वरच्या खोल्यांसाठी साधी झाकणाची किटलीसुद्धा न ठेवणाऱ्याची. खोली बदलून देणारा मुलगा नव्हता, अभ्रे धुऊन घेणाराही तो नव्हता. वड्याचे तेल वांग्यावर काढतात म्हणतात ते मी त्या दिवशी काढले होते.

पण माझी खरी चूक अजून व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौ. न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, गीझर लावलेला असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात." मी जाऊन बोटाच्या मागच्या बाजूने नळाला निसटता स्पर्श करून पाहिले. खरेच, मुंगी चावल्यासारखे झाले. ती म्हणाली, "खाली सांगा बरं का." मी घड्याळाकडे पाहिले. दहाला निघायचे होते. "जाऊ दे गं," मी म्हणालो, "आपल्याला काय इथं जन्म काढायचाय?"

हे वाक्य माझे नाही. ते मला वडिलांकडून मिळाले आहे. वडील कधीच तक्रार करीत नसत. खाणावळीत आमटी पाणचट असली, तर म्हणत, आपल्याला काय इथे जन्म काढायचाय? धर्मशाळेत ढेकूण निघाले, तर तेच म्हणत आणि सतरंजी झटकून पुन्हा झोपत. त्यांची ही वृत्ती मला साधूची वाटे. आदल्या संध्याकाळी मी जे वागलो त्याची लाज वाटत होती, म्हणून त्या सकाळी वडिलांचे हे वाक्य ओठांवर आले आणि आपण फार समजूतदारपणे वागत आहोत असेही वाटले.

गल्ल्यापाशी बिल चुकते करायला गेलो. बाजूच्या बाकावर एक तरुण जोडपे आणि त्यांचे वर्षा-दीड वर्षाचे मूल बसले होते. "तुमचीच खोली द्यायचीय यांना," व्यवस्थापक म्हणाला, "झाडून झाली की लगेच." मी बिल तपासले. त्यात एक चहा जास्त लावला होता. तो मी काटेकोरपणे कमी करून घेतला आणि निघालो.

पाचगणी मागे पडली, पसरणीचा घाट उतरून आम्ही वाईत चहाला थांबलो. हा चहा गरम होता. सौ.ने कप उचलला, पण ओठांना लावला नाही. म्हणाली, "ते बाळ होतं ना बाकावर, त्याला आता आंघोळ घालत असतील."

मी फोन लावला. व्यवस्थापकाने माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही, फोन तसाच ठेवून तो धावला असावा. वीस मिनिटांनी त्याचाच फोन आला. बाईंनी बाळासाठी गीझर लावून ठेवला होता. वेळेवर बंद केला. वायरमन आला होता. अर्थिंगची तार निखळलेली निघाली. त्या भागातले पाणी म्हणा, जुना गीझर म्हणा, आतल्या तापणाऱ्या कांबीला चीर गेली की वीज पाण्यात उतरते. अर्थिंग शाबूत असले आणि तीस मिलिअँपिअरला खटका पाडणारे यंत्र बसवलेले असले, तर माणूस वाचतो. तिथे दोन्ही नव्हते. एवढे सांगून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "साहेब, काल एवढं सगळं बोललात. आज चहाचा हिशेबसुद्धा केलात. मग हेच तेवढं का नाही बोललात?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. मी त्या मुलाच्या कापलेल्या रोजाविषयी विचारले, तो परत द्या म्हणालो. "बघतो," तो म्हणाला. आपल्याकडे 'बघतो' या शब्दाचा अर्थ काय होतो, ते वाचकांना सांगायला नको. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही.

तेव्हापासून व्यवस्थापकाचा तो प्रश्न माझ्या मागे लागला आहे. जे बोलायचे नाही ते मी का बोललो, आणि जे बोलायचेच होते ते का बोललो नाही?

शोध घेतला तेव्हा उत्तर काही फारसे सुखाचे मिळाले नाही. गार चहाने माझ्या जिभेला जेवढे दुःख झाले त्याहून जास्त ते माझ्या मानाला झाले होते. पैसे मोजणाऱ्या माणसाला गार चहा! म्हणून मी बोललो. नळाच्या झिणझिण्यांत माझा अपमान नव्हता, म्हणून मी गप्प बसलो. म्हणजे माझ्या बोलण्याचे आणि मौनाचे माप एकच होते, आणि ते माप म्हणजे मी. वडिलांच्या वाक्यातले साधुत्वही मला मग वेगळे दिसू लागले. आपल्याला इथे जन्म काढायचा नाही, हे खरे. पण कुणाला तरी आज इथे रात्र काढायची आहे. वडिलांनी ज्या धर्मशाळेतली सतरंजी झटकली, तिथले ढेकूण पुढच्या यात्रेकरूला चावले असतीलच. सोसणे हा गुण खरा, पण आपण सोसले ते दुसऱ्याच्या वाट्याला ठेवून जाणे हा गुण नव्हे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मला वाटते, कधी कधी ती आळसाचीही बहीण असते.

याच्या उलट माझे एक स्नेही आहेत. हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकताच त्यांना कसला तरी वास येतो. पडदे मळके असतात, पंखा कुरकुरतो, टॉवेल खरखरीत असतो. मात्र या तक्रारी ते राहून झाल्यावर, जेवण पोटात गेल्यावर, बिल हाती आले की करतात, आणि काहीतरी कमी करून घेतल्याखेरीज त्यांची सहल पुरी होत नाही. त्यांना पंखा दुरुस्त व्हायला नको असतो. तो कुरकुरला नसता तर त्यांचे नुकसानच झाले असते. हल्ली त्यांना मोबाईलही साथ देतो. समोरासमोर हसून निरोप घ्यायचा आणि घरी आल्यावर पाचांपैकी एक तारा देऊन मोकळे व्हायचे. तारे द्यायला माझी हरकत नाही. पुढच्या माणसाला त्यांचा उपयोग होतो. पण जे तोंडावर सांगितले असते तर तासाभरात नीट झाले असते, ते न सांगता जगाला सांगणे म्हणजे, पोराला पडू देऊन मग गल्लीभर त्याच्या गुडघ्याची चर्चा करण्यासारखे आहे.

कुणी म्हणेल, पैसे मोजले आहेत, मग बोलण्याचा हक्क आहेच. आहे ना! तो हक्क आयता मिळालेला नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा, गिऱ्हाईकालाही न्याय असतो ही कल्पनाच पुष्कळांना नवी होती. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली, आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. सेवेतली त्रुटी हा त्यात दाद मागण्याजोगा विषय आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार नोंदवावी लागते, आणि हॉटेल परगावचे असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे ती करता येते. बिलात परस्पर 'सेवा शुल्क' लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली बजावले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. तेव्हा दरीच्या खोलीचे पैसे घेऊन टाकीची खोली दिली, तर जादा पैसे परत मागायला मुळीच लाजू नये. तिथे भीड धरणे म्हणजे फसवणुकीला आशीर्वाद देणे आहे. मी तेवढेच मागायला हवे होते, आणि ते शांतपणे, व्यवस्थापकाकडे, मुलाला मधे न आणता.

पण कायदा मला किती मागता येईल ते सांगतो. केव्हा बोलावे आणि कुणाला बोलावे, ते सांगत नाही. ते ज्याचे त्याला ठरवावे लागते. हॉटेलाच्या धंद्याची रचनाच अशी आहे की, ज्याच्या हाती सुधारणा असते तो आपल्यापुढे क्वचित येतो, आणि जो आपल्यापुढे येतो त्याच्या हाती ट्रेखेरीज काही नसते. मालक पुण्या-मुंबईत; व्यवस्थापक गल्ल्यावर; आणि दाराशी उभा असतो तो पोऱ्या. आपला राग स्वाभाविकपणे दाराशी उभ्या असलेल्यावर पडतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार रोज हजारो खोल्यांतून घडत असेल. म्हणून तक्रार तोंडाशी आली की मी आता स्वतःला विचारतो: हे ज्याला सांगतो आहे, त्याला ते बदलता येईल का? येणार नसेल, तर ते त्याला सांगू नये. जिने उतरून योग्य माणसाकडे जावे.

मग एखाद्या नोकराने खरोखरच उद्धटपणा केला, हेळसांड केली, तर? तर त्याच्याशी आधी आपणच एकट्याने बोलावे. चार माणसांत झालेला पाणउतारा कुणाला सुधारत नाही. तो फक्त सांगणाऱ्याला उंच करतो. आणि वरिष्ठाकडे जाण्याची वेळ आलीच, तर आपल्या एका वाक्याने कुणाच्या घरी त्या दिवशीचा रोज पोहोचणार नाही, हे ध्यानात ठेवून ते वाक्य उच्चारावे. एवढे करूनही ते उच्चारावेसे वाटले, तर खुशाल उच्चारावे.

आणि दुसरा प्रश्न: मी हे न सांगता गेलो, तर माझ्यानंतर येणाऱ्याचे काय होईल? गार चहाने त्याचे थोडेसे बिघडेल. डागाळलेल्या अभ्र्याने जरा जास्त. सैल कठड्याने, निसरड्या फरशीने, न लागणाऱ्या कडीने, झिणझिणणाऱ्या नळाने मात्र त्याचे सारेच बिघडू शकेल. जसजसे त्याचे जास्त बिघडेल, तसतसा माझा गप्प बसण्याचा अधिकार कमी होतो. चहाविषयी गप्प बसणे ही माझी मर्जी आहे. नळाविषयी गप्प बसण्याची मला मुळी मुभाच नाही. मग निघायला उशीर होवो, गाडी चुको, की व्यवस्थापकाच्या कपाळाला आठ्या पडोत. तिथे मी पाहुणाही नसतो आणि गिऱ्हाईकही नसतो. रस्त्यात दगड पडलेला पाहिलेला एक वाटसरू असतो. दगड मी टाकलेला नाही, हे उत्तर पुरत नाही.

आता कुठेही उतरलो की मी पिशवी ठेवण्याआधी न्हाणीघर पाहतो. सौ. हसते, म्हणते, "आधी खिडकी बघत होतात, आता खटके बघता." काही वावगे दिसले, तर लगेच खाली जाऊन हळू आवाजात सांगतो. आश्चर्य म्हणजे, बहुतेक ठिकाणी लोक ऐकतात. निघताना कुणी चांगले वागले असेल, तर गल्ल्यावर त्याचे नाव घेऊन चार माणसांच्या देखत सांगतो. चढा आवाज काढायचा, तर तो यासाठी काढावा असे ठरवले आहे.

यंदा वसुबारसेच्या दिवशी घरी चकल्या चालल्या होत्या. पहिला घाणा निघाला. सौ.ने बशीत घालून एक चकली माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "कशी झालीय?" चाळीस वर्षे या प्रश्नाला माझे एकच उत्तर आहे. ते ओठांवर आलेही होते. पण समोर परातीत अजून अर्धी भाजणी कोरडीच होती.

"जरा कडक झालीय," मी म्हणालो. "मोहन कमी पडलं का?"

तिने माझ्याकडे बघितले. झारा कढईच्या काठावर टेकवला, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि थोडा वेळ चावत राहिली. मग काही न बोलता तिने पळीभर तेल तापवायला ठेवले.